उपचाराचे कलम आणि कशेडीचा घाट

पोलादपूर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेकडे वळला की कशेडीचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका. बोगदा झाल्यापासून घाटाची दहशत पुष्कळ ओसरली, परंतु या रस्त्यावरून जाणाऱ्या नशेच्या मालाची वर्दळ काही ओसरलेली नाही. गोव्यात करामुळे स्वस्त पडणारी दारू याच वाटेने वर येते आणि अधूनमधून पकडली जाते. जुलै २०२५ मध्ये तर घाटाच्या पायथ्याजवळच्या महाड औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्यावर घातलेल्या धाडीत कोट्यवधी रुपयांचे केटामाइन सापडले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये याच जिल्ह्यात खोपोलीजवळ मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आला होता. अशी बातमी आली की दोन-चार दिवस सर्वत्र एकच मागणी ऐकू येते: कायदा अधिक कडक करा, शिक्षा वाढवा.

ही मागणी करणाऱ्यांचा संताप खोटा नाही. तथापि शिक्षा वाढली म्हणजे ती कोणाला होते, हा प्रश्न समाजवादी चळवळीने विचारलाच पाहिजे. कारखान्याचे भांडवल घालणारा, माल परराज्यात पोहोचविणारा, आणि घाटाच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या ट्रकच्या आडोशाला गांजाची चिलीम ओढणारा क्लीनर, हे तिघेही 'अमली पदार्थांचे आरोपी' या एकाच मथळ्याखाली येतात. पहिल्या दोघांजवळ वकील आहे, पैसा आहे, ओळख आहे. तिसऱ्याजवळ काहीच नाही. म्हणून कायद्याची धार पहिल्यांदा आणि वारंवार लागते ती तिसऱ्याला.

वास्तविक कायद्याने हा भेद केलेला आहे. १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला आपण सारे एनडीपीएस म्हणतो, त्यात 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' अशी मोजमापे आहेत. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण वीस किलोपासून पुढे. मेफेड्रोनसाठी हेच आकडे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. केवळ सेवनाचा गुन्हा असेल तर कलम २७ प्रमाणे कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसारख्या द्रव्यांना एक वर्षापर्यंत आणि गांजासारख्या पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही.

परंतु मोजमापे वेगळी असली तरी प्रत्यक्षात घडते ते निराळेच. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत २०१७ व २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेल्या दहा हजारांहून अधिक एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास केला. त्यांतील जवळजवळ सर्व खटले वैयक्तिक सेवनाचे होते आणि बहुसंख्य गांजाचे. पकडलेल्यांत मोठा भरणा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, झोपडपट्टीत वा पदपथावर राहणाऱ्यांचा. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जायचे, हा तेथला नित्यक्रम.

असा माणूस पुन्हा पकडला जातो तेव्हा त्याला 'सराईत' म्हटले जाते. वास्तविक पहिल्या वेळी त्याच्या बाबतीत काहीच केले गेलेले नसते. आजार होता तेथेच राहतो आणि त्यावर दंडाच्या पावतीची भर पडते. ही पावती बहुधा त्याची बायको भरते, भाताच्या लावणीच्या किंवा वीटभट्टीच्या मजुरीतून. हातभट्टीच्या गुन्ह्यांत आपल्या भागातील कातकरी वाड्यांनी हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. छापा, भट्टीची मोडतोड, दंड आणि त्या दंडासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता पुन्हा भट्टी. गुन्ह्याकडे माणूस परत का वळतो याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी या चक्रात शोधले पाहिजे.

आता कायद्यातील ज्या तरतुदीबद्दल फारसे कोणी बोलत नाही तिच्याकडे येऊ. एनडीपीएसचे कलम ३९ असे सांगते की, सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती व्यसनाधीन असेल, तर तिचे वय, पूर्वचरित्र आणि शारीरिक-मानसिक स्थिती पाहून न्यायालय तिला ताबडतोब शिक्षा न देता, तिच्या संमतीने, शासकीय वा शासनमान्य रुग्णालयात उपचारासाठी पाठवू शकते. तिने बंधपत्र लिहून द्यायचे, एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. अहवाल समाधानकारक असेल तर न्यायालय समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर तिला मोकळे करू शकते. बंधपत्र मोडले तरच शिक्षेचा प्रश्न. कलम ६४-अ त्याहून पुढे जाते. अशा गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल तर तिच्यावरील खटल्यापासून तिला मुक्तता मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ही मुक्तता काढून घेता येते.

अमेरिकेत ज्याला 'उपचार न्यायालय' म्हणतात त्याचा गाभा याहून वेगळा नाही. फरक इतकाच की तेथे त्यासाठी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे कलम पुस्तकात राहिले. पंजाबइतके व्यसनाने पोळलेले राज्य दुसरे क्वचित असेल. तेथील न्यायालयांत २०१३ ते २०१५ या काळात चाललेल्या एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास याच संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या तीन वर्षांत या कायद्याखाली न्यायालयाने एकाही व्यक्तीला व्यसनमुक्ती केंद्रात पाठविल्याचे आढळले नाही. ज्या राज्यात घराघरांत रुग्ण, तेथे ही स्थिती.

याचा दोष केवळ न्यायाधीशांच्या माथी मारणे सोपे, परंतु अपुरे आहे. कलम ३९ खाली आदेश द्यायचा तर न्यायाधीशाला तीन गोष्टी हाताशी लागतात. आरोपी खरोखर व्यसनाधीन आहे काय, हे सांगणारा डॉक्टर. त्याला दाखल करून घेणारे रुग्णालय. आणि नंतरचे वर्षभर त्याच्या घरी, कामाच्या जागी जाऊन चौकशी करणारा परिवीक्षा अधिकारी. पोलादपूर तालुक्यातील एखाद्या गावचा तरुण न्यायालयापुढे उभा आहे अशी कल्पना करा. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या पलीकडे. व्यसनमुक्तीचे नामांकित केंद्र म्हणावे तर पुण्याला. महिन्याभराचा रोजगार बुडवून, प्रवासखर्च करून तेथे राहायचे आणि परतल्यावर विचारपूस करायला कोणी नाही. अशा स्थितीत न्यायाधीशाच्या हातून दंडाचा आदेश निघतो, कारण दंड वसूल करायला लागणारी यंत्रणा तेवढी प्रत्येक तालुक्यात आहे.

बाहेरचा अनुभव काय सांगतो? १९८९ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे पहिले उपचार न्यायालय सुरू झाले. नेमलेल्या दिवशी आरोपीने न्यायाधीशासमोर यायचे, तपासणी द्यायची, उपचार कोठवर आला ते सांगायचे. प्रगती असेल तर शाबासकी, घसरण झाली तर आधी लहान बंधने आणि अखेरीस तुरुंग. आज तेथे अशी न्यायालये हजारोंनी आहेत. त्यांच्या मूल्यमापनाच्या १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घेतला. प्रौढ आरोपींच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष असा: नेहमीच्या मार्गाने गेलेल्या शंभरांपैकी पन्नास पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर उपचार न्यायालयातून गेलेल्यांपैकी सुमारे अडतीस. अल्पवयीनांच्या बाबतीत फरक याहून कमी. शंभरात बारा माणसे वाचणे हा चमत्कार नव्हे, पण बारा घरांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

या आकड्यांनी हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. २०१३ मधील दुसऱ्या एका आढाव्यात असे दिसले की, या न्यायालयांमुळे तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या घटते, पण तुरुंगात काढलेले एकूण दिवस घटतातच असे नाही. कारण जो उपचारात अपयशी ठरतो त्याला पुढे अधिक कठोर शिक्षा भोगावी लागते. अपयशी कोण ठरतो? बहुधा ज्याला घर नाही, काम नाही, न्यायालयाच्या तारखेला येण्यासाठी रजा मिळत नाही, तो. म्हणजे येथेही वर्ग सुटत नाही. यश मिळण्याजोग्या आरोपींनाच निवडून घ्यायचे आणि यशाचा टक्का मिरवायचा, असाही आक्षेप तेथे घेतला गेला आहे.

पोर्तुगालने २००१ मध्ये निराळी वाट धरली. दहा दिवसांच्या वापरापुरते अमली द्रव्य जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. अशी व्यक्ती न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे जाते आणि समिती तिला उपचाराकडे वळविते. सुयांमधून पसरणाऱ्या एचआयव्हीची लागण त्या देशात पुढे झपाट्याने खाली आली. परंतु २०१२ च्या सुमारास काटकसरीच्या धोरणाखाली तेथील मध्यवर्ती उपचारयंत्रणा मोडून तिचे काम प्रादेशिक प्रशासनांकडे विखुरण्यात आले, आणि त्यानंतर तेथेच तक्रारींचा सूर वाढला. कायदा तोच होता, त्यामागचा पैसा आटला. न्यायालय असो वा समिती, ती फक्त दार उघडते. दाराच्या आत उपचार, निवारा आणि काम नसेल तर माणूस पुन्हा बाहेरच्या रस्त्यावर येणार.

या विषयावर आपल्याच बैठकांतून तीन आक्षेप ऐकू येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप जुन्या, सचोटीच्या कार्यकर्त्यांचा. राष्ट्र सेवा दलाच्या आणि दारूबंदीच्या संस्कारात वाढलेले हे साथी म्हणतात, व्यसनी माणसाचे लाड कशाला? त्याने घर बुडविले, बायकोला मारले, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. मारहाणीची शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत नाही. कलम ३९ ची सवलत बायकोला मारणाऱ्याला नाही. ती केवळ सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरती आहे. पण दारूबंदीच्या चळवळीत पुढे असलेल्या बायांना विचारून पाहा, त्यांना नवरा तुरुंगात हवा असतो की शुद्धीवर हवा असतो? दुकान बंद करण्याची त्यांची मागणी आपण उचलून धरली. माणूस बरा करण्याची मागणी मात्र आपण त्यांच्यावरच सोपवून दिली.

दुसरा आक्षेप तरुण साथींचा. त्यांच्या मते व्यसन हे शोषणाचे फळ आहे, शोषण संपेल तेव्हा व्यसन संपेल, मधले उपाय म्हणजे ठिगळे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील ज्या घरांत पगार थांबला, त्यांतली पुष्कळ घरे मूळची आपल्या महाड-पोलादपूर-खेडची होती. त्याच दशकात मुंबईच्या वस्त्यांत गर्द पसरला. बेकारी आणि नशा यांचा संबंध आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु गर्दवाचून तडफडणाऱ्या, ज्याला गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात त्या यातनेत लोळणाऱ्या मुलाच्या आईला क्रांतीपर्यंत थांब असे सांगणारा पक्ष तिचा राहत नाही. क्षयाचे मूळ उपासमारीत आहे म्हणून आपण क्षयाच्या औषधाची मागणी कधी सोडली नाही.

याच परंपरेतील काही माणसांनी त्या काळात हात-पाय हलविले, हे विसरता कामा नये. युवक क्रांती दलाच्या आणि 'साधना'च्या परिवारात वावरलेले डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लेखन केले. त्यातून, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्याने येणाऱ्यांना आधार द्यायचा, घरच्या माणसांना, विशेषतः पत्नींना उपचारात सामील करायचे आणि केंद्रातून बाहेर पडल्यावरही पाठपुरावा सोडायचा नाही, ही तेथील पद्धत. कलम ३९ ला जी यंत्रणा हवी आहे तिचा नमुना महाराष्ट्रात आहे. तो एका संस्थेच्या पुण्याईवर चालतो, तालुक्यापर्यंत शासनाचे कर्तव्य म्हणून पोहोचत नाही, एवढेच दुःख आहे.

तिसरा आक्षेप नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. तुरुंगाची भीती दाखवून घेतलेली संमती ही संमती कशी? शिवाय उपचाराच्या नावाखाली कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी खासगी केंद्रेही देशात आहेत. न्यायालयाने माणसाला अशा ठिकाणी पाठविले तर ती शिक्षेहून वाईट शिक्षा होईल. म्हणून आपली मागणी सावध असली पाहिजे. संमती घेताना आरोपीजवळ वकील हवा. केंद्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाखाली नोंदलेले आणि तपासलेले हवे. या अधिनियमाने दारू व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा आजारात समावेश केला आहे आणि कलम १८ ने शासकीय वा शासनाच्या पैशाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. आणि एकदा घसरलेला माणूस म्हणजे बंधपत्र मोडलेला गुन्हेगार, असे समीकरण चालणार नाही. व्यसनातून बाहेर पडणारा माणूस घसरतोच, पुन्हा उठतो, हे कोणताही अनुभवी समुपदेशक सांगेल.

दारूचा प्रश्न येथे जाणूनबुजून वेगळा घेतो, कारण एनडीपीएसमध्ये दारू येत नाही आणि कशेडीच्या रस्त्यावरचे सर्वांत मोठे व्यसन तर तेच आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या केंद्राने केलेले व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की, दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज असलेले देशात ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोक आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारू पिऊन वाहन चालविणाऱ्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद वा पंधरा हजारांपर्यंत दंड सांगते. दुसऱ्या वेळेची शिक्षा वाढते, पण पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मधल्या काळात त्याच्यावर उपचार व्हावा असे हे कलम म्हणत नाही. घाटातून येणाऱ्या जाणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा परवाना काढून घ्या, दंड करा. पण सलग दोन-दोन रात्री गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाला कोणते कलम लावणार, आणि त्या चालकाला उपचारासाठी कोठे पाठविणार, हेही सांगा. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ खाली न्यायालय बंधपत्रात नशा न करण्याची अट घालू शकते. म्हणजे दारूच्या पायी घडलेल्या लहान गुन्ह्यांसाठीही मार्ग आहे. एका हाताने दारूचा महसूल मोजणाऱ्या राज्याने दुसऱ्या हाताने उपचाराचा खर्च उचलणे, यात उपकार कसला?

यास्तव पक्षाने रायगड जिल्ह्यापुरत्या स्पष्ट मागण्या घेऊन उभे राहावे. महाड व पोलादपूर येथील शासकीय रुग्णालयांत व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा, औषधे आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ. दक्षिण रायगडसाठी स्वतंत्र परिवीक्षा अधिकारी. उपचाराच्या काळात बुडालेल्या मजुरीचा काही भाग आणि प्रवासखर्च शासनाकडून. औद्योगिक वसाहतीत जेथे अशी द्रव्ये बनविता येतात तेथे कच्च्या मालाची कडक तपासणी आणि पकडलेल्या मालाच्या मागचे भांडवल कोणाचे याचा तपास.

मागणीबरोबर कामही आहे, आणि त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहायला नको. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्येच अमली द्रव्यांच्या बळींना कायदेविषयक साहाय्य देण्याची योजना केली आहे. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने दोन कार्यकर्ते नेमावेत. सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा खटला कानी आला की त्यांनी आरोपीच्या घरी जावे, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळवून द्यावा आणि घाईने गुन्हा कबूल करण्यापूर्वी कलम ६४-अ चा, दोष ठरलाच तर कलम ३९ चा अर्ज लिहावा. दहा अर्ज नाकारले जातील. प्रत्येक नकाराचे कारण लेखी मिळवावे. 'रुग्णालय उपलब्ध नाही' असे न्यायालयानेच लिहिले तर आपल्या मागणीला त्याहून भक्कम पुरावा कोणता?

महाडच्या भूमीला कागदावरचे हक्क नवे नाहीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तळ्याचे पाणी मात्र १९२७ च्या मार्चमध्ये, डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे चालत गेली तेव्हाच ओंजळीत आले. त्या महान लढ्याशी आजच्या या प्रश्नाची बरोबरी कोणी करू नये. परंतु ठराव आणि पाणी यांच्यामधले अंतर माणसांनी चालून जावे लागते, हा धडा महाडनेच दिलेला आहे. कलम ३९ कायद्यात येऊन चार दशके झाली. कशेडीच्या पायथ्याच्या गावांतून त्या कलमापर्यंत आजवर कोणी चालत गेले नसेल, तर पहिला अर्ज आपल्या शाखेने लिहावा.